फराळाच्या ऑर्डरी, दादाची फुकटातली डायरी आणि माझं शीट

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे आणि यात तोंडावर पडलो तो मी, हे आधीच सांगून टाकतो. मी आयटीत आहे. दिवसभर टास्क, तिकिटं, डेडलाइन, कॅलेंडर हेच चालू असतं, त्यामुळे कोणी "मी डायरीत लिहून ठेवते" म्हणालं की मला आतल्या आत हसू यायचं. आता येत नाही.

वहिनी डोंबिवली पूर्वेला घरूनच दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. दुकान नाही, बोर्ड नाही, दोन शेगड्या, एक मोठी कढई, सोऱ्या, आईच्या लग्नातली पितळी परात आणि मदतीला येणाऱ्या मावशी. सुरुवात सोसायटीतल्या चार घरांपासून झाली होती, मग दादाच्या ऑफिसातून, आईच्या भजनी मंडळातून, ठाकुर्लीच्या नातेवाईकांकडून असं करत करत २०२४ च्या दिवाळीला ६३ ऑर्डरी झाल्या. ६३ हा आकडा मला नंतर कळला, तेव्हा कोणालाच माहीत नव्हता, आणि गडबड तिथेच होती.

२०२४ ला काय झालं

त्या वर्षी वसुबारस २८ ऑक्टोबरला होती, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. ऑर्डरी येणार कुठून, तर सगळीकडून. व्हॉट्सॲपवर मेसेज, व्हॉइस नोट, थेट फोन, जिन्यात भेटलेल्या काकू "अगं माझी दोन किलो चकली धर हं" म्हणून वर निघून जाणार, दादा ऑफिसातून येऊन बूट काढता काढता "त्या अकाउंट्सवाल्यांना अर्धा अर्धा किलो सगळं पाहिजे" म्हणणार आणि सगळं म्हणजे काय ते उद्या विचारून सांगणार.

मी म्हटलं थांबा, मी सिस्टिम लावून देतो. ऑनलाइन शीट केलं. नाव, विंग, पदार्थ, किलो, कधी द्यायचं, ॲडव्हान्स आला का, ड्रॉपडाउन, पैसे बाकी असले की ओळ लाल, दिलं की हिरवी, खाली आपोआप एकूण बेरीज. घरात सगळ्यांच्या फोनवर शेअर केलं. मला फार कौतुक वाटलं होतं स्वतःचं.

शीट आठ दिवस नीट भरलं गेलं, नंतर नाही. मी चिडलो होतो तेव्हा, की एवढं सोपं करून दिलंय तरी भरत नाहीत. मग एका रविवारी स्वयंपाकघरात दोन तास बसलो तेव्हा कळलं. वहिनीचे हात कोपरापर्यंत पिठात. फोन वाजतो. हात धुवायचे, पुसायचे, तरी बोट तेलकटच, फोन उघडत नाही, मग पॅटर्न टाका, मग शीट शोधा, ते मोबाइलच्या स्क्रीनवर इतकं बारीक की उजवीकडे सरकवत सरकवत किलोच्या रकान्यापर्यंत जावं लागतं, आणि तोवर मागे कढईतला घाणा जास्त तळला गेलेला. साहजिकच ती म्हणायची, लक्षात आहे, रात्री टाकते. रात्री बारा वाजता ज्या बाईची पाठ जमिनीला लागते ती काय टाकणार.

त्यातून तीन मोठे घोळ झाले. छोटे सांगत बसत नाही.

पहिला अनारशांचा. ज्यांनी घरी कधी केले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, अनारसे हा मनात आलं की करायचा पदार्थ नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून कापडावर पसरून थोडे ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे करून डब्यात भरायचे आणि पाच-सहा दिवस मुरू द्यायचे. म्हणजे ज्या दिवशी तळायचे त्याच्या नऊ-दहा दिवस आधी तांदूळ पाण्यात पडलेले पाहिजेत. वहिनीने फोनवर रिमाइंडर लावला होता. रिमाइंडर वाजलाही असणार, पण फोन बेडरूममध्ये चार्जिंगला आणि ती स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांत काय ऐकू येतंय. संध्याकाळी फोन हातात घेतला तर वर चाळीस मेसेज, ते सरकवताना हेही सरकलं. तांदूळ दोन दिवस उशिरा भिजले, पीठ पुरतं मुरलं नाही, आणि तुपात टाकल्या टाकल्या अनारसे हसले. हसले म्हणजे विरघळून पसरले, आमच्याकडे असंच म्हणतात. अनारसे हसले आणि वहिनी रडली. चार किलोचं पीठ होतं.

दुसरा घोळ बिनसाखरेच्या लाडवांचा. एका आजोबांसाठी खजुराचे लाडू सांगितले होते, तेही व्हॉइस नोटमध्ये, आणि त्यांच्या डब्यात साधे बेसनाचे गेले. नशीब, त्यांच्या सुनेने डबा उघडून पाहिला.

तिसरा सगळ्यात वाईट. नरक चतुर्दशीला, ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी बेल वाजली. ठाकुर्लीहून एक बाई रिक्षा करून आल्या होत्या, रिक्षा खाली थांबलेली, तीन किलोची ऑर्डर न्यायला. वहिनीला चेहरा आठवत होता, बोलणं झाल्याचंही आठवत होतं, पण ऑर्डर कुठेच नव्हती. शीटमध्ये नाही, चॅटमध्ये नाही. फोनवर झालेलं बोलणं, त्याचा पुरावा काय असणार. आईने घरासाठी ठेवलेला चिवडा आणि शंकरपाळे बांधून दिले, पैसे घेतले नाहीत. त्या बाई भांडल्या नाहीत, "असू दे, होतं असं" म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं वहिनी अजून म्हणते.

भाऊबीजेला तिने जाहीर केलं की पुढच्या वर्षी बंद.

डायरी कुठून आली

बंद वगैरे काही झालं नाही अर्थात. २०२५ ला गणपतीचं विसर्जन झालं, ६ सप्टेंबरला, आणि दुसऱ्याच दिवसापासून लोक विचारायला लागले. मी लगेच शीटची दुसरी आवृत्ती काढून बसलो होतो, यावेळी फॉर्म, म्हणजे लोकच भरतील. वहिनीने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "भावजी, तुमचं शीट चांगलंच आहे. पण ते तुमच्या टेबलावर चांगलं आहे, माझ्या ओट्यावर नाही."

आणि कपाटातून एक डायरी काढली. दादाला जानेवारीत कुठल्यातरी व्हेंडरने दिलेली, जाड पुठ्ठ्याची, एका दिवसाला एक पान. पहिल्या तीन पानांवर दादाच्या अक्षरात "जिम, ६ वा." असं लिहिलेलं आणि चौथ्या पानापासून सप्टेंबरपर्यंत एकदम कोरी. ज्यांच्या घरी अशी एक तरी डायरी नाही असं मराठी घर मला दाखवा.

तिने काय केलं ते नीट सांगतो, कारण मी नंतर तीन-चार जणांना तसंच करायला लावलंय.

आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. कालनिर्णयशी आपली सवय जुनी आहे, १९७३ ला जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं तेव्हापासून आपल्या आया-आज्या त्याच्या चौकोनात दुधाचे खाडे, गॅसचा सिलिंडर कधी लागला, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या लिहीत आल्या आहेत, आणि त्याला कोणी प्लॅनर म्हणत नाही एवढंच. तर त्यात २०२५ ची वसुबारस १७ ऑक्टोबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन २१ ला. तिथून ती उलटी मोजत गेली. वसुबारसेला पहिले डबे जायला हवेत, तर अनारसे १४ ला तळायचे, तर पीठ ७ ला दळून गूळ घालून डब्यात, तर तांदूळ ४ तारखेला पाण्यात. दसरा २ ला, कोजागिरी ६ ला, म्हणजे कोजागिरीच्या दिवशी मसाला दूध करताना एका पातेल्यात तांदूळ भिजत असणार हे तिला महिनाभर आधी दिसलं. चकलीची भाजणी दसऱ्याच्या आधी गिरणीतून आली पाहिजे, कारण दसऱ्यानंतर गिरणीत रांग लागते. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या सगळ्यात शेवटी, कारण खुसखुशीत राहायला हव्यात. ही सगळी मोजणी पेन्सिलने डायरीच्या त्या त्या पानावर उतरवली. पेन्सिलने का, ते पुढे येतंय.

मग प्रत्येक पान उभी रेघ मारून दोन भाग. डावीकडे "करायचं", उजवीकडे "द्यायचं". आणि वरच्या कोपऱ्यात चौकोन. चकलीचे बारा चौकोन, एक चौकोन म्हणजे अर्धा किलो, कारण दिवसाला सहा किलोच्या पुढे हात चालत नाही हे तिला मागच्या वर्षी कळलेलं. लाडवांचे वेगळे चौकोन, करंज्यांचे वेगळे. ऑर्डर आली की तळायच्या दिवसाच्या पानावर तेवढे चौकोन काळे करायचे आणि द्यायच्या दिवसाच्या पानावर नाव लिहायचं. नुसतं बोलणं झालं असेल तर पेन्सिल, ॲडव्हान्स आला की त्यावरच पेन. रद्द झाली की फुली. बास. रंगीत पेनं नाहीत, स्टिकर नाहीत, इंटरनेटवर ज्या सजवलेल्या डायऱ्यांचे फोटो फिरतात तसलं काही नाही.

डायरी ठेवायची कुठे, तर आईचा पोथी ठेवायचा लाकडी स्टँड. श्रावण संपलेला, पोथी कपाटात, स्टँड रिकामा. फ्रीजवर तो स्टँड, त्यावर उघडी डायरी, वर एक पारदर्शक प्लास्टिकची फाइल कापून पांघरलेली, आणि बाजूला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. दोरा महत्त्वाचा आहे. आमच्या घरात पेन्सिल कुठेही ठेवली की दादा ती कानावर लावून निघून जातो.

आणि नियम एकच. वहीत नाही म्हणजे ऑर्डर नाही. जिन्यात सांगितलं तर वर येऊन लिहून जा. दादासकट.

चौकोन संपतात

मला जे सांगायचंय ते खरं म्हणजे इथे आहे, बाकी सगळं मागचं-पुढचं.

९ ऑक्टोबरला मी तिथेच होतो. बी विंगमधल्या एक काकू आल्या, १६ तारखेला दोन किलो चकली पाहिजे म्हणून. जुन्या काकू, लग्नात आलेल्या, वहिनीला त्यांना नाही म्हणता येणं शक्यच नव्हतं. मागच्या वर्षी ती काय म्हणाली असती ते मला पाठ आहे, "बघते काकू, करते काहीतरी." आणि मग त्या "काहीतरी"साठी रात्री दीडपर्यंत कढई.

यावेळी तिने काहीच म्हटलं नाही. फ्रीजवरची डायरी स्टँडसकट उचलून काकूंसमोर धरली. १४ चे बारा चौकोन काळे, १५ चे बारा काळे. "काकू बघा ना, जागाच नाहीये." काकूंनी चष्मा वर केला, खाली केला, एक एक चौकोन मोजला खरोखर, आणि म्हणाल्या, "अगंबाई, हो की. मग १८ ला दे." १७ च्या पानावर सहा मोकळे होते, चार काळे केले, काकू गेल्या. रागावल्या नाहीत, कारण त्यांना वहिनीने नाही म्हटलंच नव्हतं, पानाने म्हटलं होतं.

माझं शीट असं कधीच करू शकलं नसतं. शीटला खाली ओळी संपतच नाहीत. एक हजारावी ऑर्डर आली तरी ते एक हजार एकावी रिकामी ओळ काढून बसेल. फोनच्या कॅलेंडरमध्ये एका तासावर सात गोष्टी टाका, तो निमूटपणे सातही दाखवतो, एकावर एक. मी ऑफिसात हेच रोज करतो आणि रोज रात्री दोन गोष्टी उद्यावर ढकलतो, आणि मला कधी वाटलंच नव्हतं की यात साधनाचाही काही हात असेल. आता कोणी म्हणेल शीटमध्येही मर्यादा घालता येते, बारा झाले की लाल कर. येते ना, मला येते घालता. पण ती काकूंना दिसली नसती. आणि ती ओलांडायला एक बोट पुरतं, पान ओलांडायला मात्र समासात तिरकं काहीतरी घुसवावं लागतं आणि ते दिवसभर डोळ्यांत खुपतं.

त्या सीझनला तिने ११ ऑर्डरी परत पाठवल्या. पहिल्यांदा.

पेन्सिलची गोष्ट

२०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटी पावसाने मराठवाड्यात काय हाहाकार केला ते आपण सगळ्यांनी बघितलं, त्यापुढे आमच्या चकलीचं रडगाणं गाणं बरं नाही, पण डोंबिवलीतही तेव्हा ऊन नव्हतं आणि भाजणीच्या धुतलेल्या डाळी-तांदूळ वाळेनात. पंख्याखाली चादरी पसरल्या, हॉलमध्ये चालायला जागा नाही, तरी हाताला ओल लागतेच. गिरणीचा दिवस पुढे गेला. इथे पेन्सिल उपयोगी पडली. खोडलं, दोन पानं पुढे लिहिलं, आणि पुढे लिहिताना तिथे आधी काय आहे ते आपोआप दिसलं, की अरे इथे तर घराची सफाई आहे, मग ती मागे घ्या. एक गोष्ट हलवली की तिच्या धक्क्याने दुसरी हलते हे फोनमध्ये तारीख बदलताना दिसत नाही, तो बदलतो आणि गप्प बसतो.

अमेरिकेच्या पार्सलचंही तसंच. दोन घरं आहेत ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांचा फराळ सप्टेंबरच्या मध्यावर निघतो. त्या वर्षी तिकडच्या नवीन शुल्काच्या गोंधळात पोस्टाने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं, आधी काही भेटवस्तू घेत होते मग तेही बंद, खाजगी कुरियरचा दर ऐकून दोन्ही घरांनी नको म्हटलं. सप्टेंबरच्या पानांवर दोन फुल्या. पण त्या फुल्यांमुळे चार दिवस मोकळे झालेले समोर दिसले आणि वहिनीने त्यात डबे आणणं, लेबलं लिहिणं उरकून टाकलं.

मावशी आणि चित्रं

यावेळी मदतीला दोन मावशी होत्या. त्यातल्या एकींना वाचायला वेळ लागतो, चष्म्याचा नंबरही वाढलेला. त्या कधी फोनमधलं शीट उघडतील ही अपेक्षा मी कशी ठेवली होती देव जाणे. वहिनीने डावीकडच्या रकान्यात लिहिण्याशेजारी चित्रं काढायला सुरुवात केली. गोगलगायीसारखा गोल म्हणजे चकली, अर्धा चंद्र म्हणजे करंजी, चौकट म्हणजे शंकरपाळे, गोलावर ठिपके म्हणजे खसखस लावलेला अनारसा. पुढे उभ्या रेघा, किती किलो तेवढ्या. तिसऱ्या दिवसापासून मावशी आल्या की पदर खोचून आधी फ्रीजसमोर उभ्या राहायच्या, बघायच्या आणि विचारल्याशिवाय परात घ्यायच्या. "ताई, आज चंद्र लई हायत" असं एकदा म्हणाल्या, तेव्हापासून घरात करंजीला चंद्रच म्हणतात.

१४ ऑक्टोबरचं पान माझ्याकडे फोटोत आहे, मंगळवार. डावीकडे वर ठिपक्यांचे गोल, चार रेघा, शेजारी "तूप मंद!!" दोन उद्गारचिन्हांसह. त्याखाली चकली, सहा रेघा. त्याखाली "पोहे गच्चीवर उन्हात ११ ते १" आणि ते अर्धवट खोडून "१२". उजवीकडे फक्त एक नाव, त्यावर पेन फिरवलेलं. खाली कोपऱ्यात कशाशी संबंध नसलेली कोणाच्यातरी शाळेच्या फीची आठवण, ती पण तिथेच. आणि प्लास्टिक असूनही पानाच्या कडेला अंगठ्याचा तेलाचा ठसा, ज्यातून मागच्या पानावरचं १३ तारखेचं अक्षर अंधुक दिसतं. अनारसे त्या दिवशी हसले नाहीत. जाळी पडली, खसखस चिकटली, आईने पहिला देवासमोर ठेवला.

मी तरी शोधलंच

आयटीवाला असल्यामुळे मला ओट्यावरचा पुरावा पुरेना, मी वाचायला बसलो. टोकियो विद्यापीठातल्या लोकांनी २०२१ ला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, तो नेमका या विषयावरचा. १८ ते २९ वयाच्या ४८ जणांना एक संभाषण वाचायला दिलं, त्यात पुढच्या दोन महिन्यांतल्या १४ तारखा-वेळा होत्या, क्लास, असाइनमेंट, भेटीगाठी. काहींनी त्या कागदी डायरीत लिहिल्या, काहींनी टॅबलेटवर स्टायलसने, काहींनी फोनवर. कागदवाल्यांचं ११ मिनिटांत उरकलं, टॅबलेटला १४, फोनला १६. तासाभराने स्कॅनरमध्ये झोपवून तारखांवर प्रश्न विचारले तर कागदवाल्यांच्या मेंदूत आठवणीशी संबंधित भागात जास्त हालचाल दिसली. त्यांचं म्हणणं असं की कागदावर जागा ठरलेली असते, वरच्या कोपऱ्यात, डाग पडलेल्या पानावर, आणि आठवताना ती जागाही मदतीला येते. पण उत्तरं सरसकट जास्त बरोबर आली का, तर तसं नाही, सोप्या प्रश्नांत कागदवाले पुढे होते, एवढंच. हेही सांगायला हवं, नाहीतर लोक लगेच फॉरवर्ड करत सुटतात.

दुसरा झोपेचा. २०१८ चा, अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा, ५७ जणांवरचा. झोपायच्या आधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. पुढची लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, नऊ मिनिटं कसली, मागच्या वर्षी मी झोपलेच नव्हते.

काय जमलं नाही

आता दुसरी बाजू, कारण सगळं गोडगोड नव्हतं.

शोधणं. "माझी ऑर्डर कुठल्या तारखेला लिहिली होती गं?" असा फोन आला की पानं उलटत बसा. शेवटी मागच्या पानावर विंगप्रमाणे नावं आणि तारखा अशी अनुक्रमणिका केली, पण ती दहा दिवस उशिरा सुचली आणि ती भरण्यात एक दुपार गेली.

बेरीज. पंधरा पानांवर पसरलेले बेसनाचे लाडू मिळून किती किलो, बेसन किती आणायचं, तूप किती, हे डायरी सांगत नाही. हाताने केलेली बेरीज एकदा चुकली आणि १५ तारखेला रात्री साडेनऊला मी स्टेशनजवळ तूप शोधत फिरत होतो. त्यानंतर तडजोड झाली. वहिनी रोज रात्री त्या दिवसाच्या आणि पुढच्या चार पानांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकायची, मी ते बघून शीटमध्ये भरायचो आणि सामानाची यादी काढून द्यायचो. म्हणजे शीट जिवंत राहिलं, पण कारकून म्हणून. त्या फोटोंचा बॅकअप म्हणूनही उपयोग, कारण डायरी एकच, ती कढईत पडली तर सगळंच गेलं ही भीती मला रोज होती.

शाई. एक आठवडा कोणीतरी जेल पेन ठेवलं होतं, पाण्याचा हात लागला आणि एका बाईंच्या नंबरचे शेवटचे आकडे वाहून गेले. त्यानंतर फक्त बॉलपेन.

आणि आठवण करून देणं डायरीला जमत नाही हे खरंच आहे. गॅसवर दूध ठेवलंय हे ती ओरडून सांगणार नाही. त्यासाठी फोनचा टायमर होताच. फरक एवढा की नऊ दिवस आधी काय करायचं ते कळायला आता काही वाजायची गरज नव्हती, रोज पाण्याची बाटली काढायला फ्रीजशी गेलं की त्या दिवसाचं पान डोळ्यांवरून जायचंच.

हिशोब

६३ च्या जागी ५२ ऑर्डरी. एकही विसरली नाही. चूक एक, सी विंगचा डबा डी विंगला गेला आणि पंधरा मिनिटांत परत आला, तो दादाने पोहोचवला होता. पैसे ढोबळ बघितले तर मागच्या वर्षीपेक्षा थोडे कमी आले, पण २०२४ ला जे चार किलो पीठ, परत केलेले पैसे, फुकट दिलेला फराळ गेला तो धरला तर हातात थोडे जास्तच राहिले.

हे सगळं डायरीमुळेच का, असं मला कोणी मीटिंगमध्ये विचारलं तर मी हो म्हणणार नाही. यावेळी मावशी एक ऐवजी दोन होत्या. सुरुवात महिनाभर आधी झाली. ऑर्डरी कमी होत्या. पण दुसरी मावशी का बोलावली, तर १० ते १६ ची पानं आधीच काळी दिसली म्हणून, आणि ऑर्डरी कमी का, तर चौकोन संपले म्हणून. धागा ओढत गेलं की तो फ्रीजवरच जातो.

नरक चतुर्दशीला, २० तारखेला, वहिनी कितीतरी वर्षांनी पहाटे फडके रोडला, दिवाळी पहाटेला अख्खी डोंबिवली जमते तिथे, गेली होती, नवीन साडी नेसून, गर्दीत. दहा वाजता परत आली आणि उरलेल्या तीन डब्यांवर टिक करून डायरी मिटली.

२०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, रविवारी. नवीन डायरी यावेळी तिने स्वतः विकत आणली, दादाला जिम लिहायला मिळायच्या आत. मागच्या आठवड्यात मी फोन केला, म्हटलं माझ्या टीमसाठी एक किलो अनारसे आत्ताच धर, नंतर चौकोन मिळायचे नाहीत. ती म्हणाली, "पेन्सिलने लिहू का पेनाने?"

मी म्हटलं पेनाने.

"मग ॲडव्हान्स पाठवा."